तापात काळा डाग शोधा

2018 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नागपूर आणि आसपासच्या भागात स्क्रब टायफसनं माणसं दगावली. हंगाम तोच आहे, धुऱ्यावर गवत माजलंय, म्हणून आज एकच सांगणं : ताप आलेल्या माणसाच्या अंगावर काळा डाग शोधा. गवतातल्या माइट नावाच्या बारीक किड्याचं पिल्लू चावतं तिथं हा डाग पडतो, आणि त्या चाव्यातून ओरिएन्शिया हा जंतू कातडीत आणि पुढे रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींत शिरतो. हा चोर कडी तोडत नाही, घरधन्याकडूनच काढून घेतो. पेशी ज्या प्रथिनांनी आपली जागा धरून असते, त्यांच्याच आधारानं तो चिकटतो आणि पेशी स्वतःच त्याला आत घेते. आत ती त्याला पडद्याच्या पिशवीत कोंडते, पण पचवून टाकण्याआधीच तो पिशवी फोडतो, पेशीच्याच तंतूंवरून केंद्रकाजवळ जातो आणि तिथं घरातलंच खाऊन वाढतो.

कोणी म्हणेल, जंतूच ना, मग दुकानातून अमॉक्सिसिलीन आणलं की झालं! नाही हो. ते औषध म्हणजे रस्त्यावरची गस्त. घरात ते पुरेसं पोचतच नाही. शिवाय त्याचा घाव जंतूच्या भिंतीवर, आणि याची भिंत मुळात नावापुरती. डॉक्सिसायक्लीन मात्र आत शिरून जंतूचं प्रथिनं बनवणंच थांबवतं. म्हणून संशय बळकट असेल तर तपासणीच्या अहवालासाठी थांबू नये, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2015 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण हे औषध डॉक्टरांनी द्यायचं. गरोदर बाईसाठी निर्णय वेगळा असतो. दुसरा आक्षेप असा, की प्लेटलेट घटल्या म्हणजे डेंग्यूच. अहो, स्क्रब टायफसमध्येही घटतात! अस्तर बिघडलं की रक्तवाहिन्या झिरपतात, फुप्फुसात पाणी साचतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. म्हणून पुन्हा सांगतो, डाग शोधा. काखेत, जांघेत, नाडी बांधतो तिथं, स्तनांखाली. मधे काळी खपली, भोवती लाल कडा. तो बहुधा दुखत नाही, म्हणून रोगी बोलत नाही, आणि बाया संकोचानं दाखवत नाहीत. इथं संकोच जिवावर बेततो. डाग सापडला नाही म्हणून रोग नाही, असंही नव्हे. तेव्हा वावरात निंदायला गेलो होतो, गवत कापलं होतं, हे न विचारताही डॉक्टरांना सांगा. शहरातल्यांनीही सांगावं, कारण रिकाम्या प्लॉटवरही गवत असतं आणि माइटला पोसणारे उंदीरही.