येणाऱ्याला जागा



आज आपण मराठी माणसं दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात जमलो आहोत. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या सासरचं, म्हणजे नेवाळकरांचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं कोट. राणींचा जन्म काशीचा, बालपण बिठूरचं आणि राज्य झाशीचं. तुम्ही-आम्हीही बदलीने, नोकरीने, लग्नाने इथे आलो आणि इथलेच झालो. म्हणून या संमेलनाच्या अध्यक्षपदावरून मला आज बाहेरून येणाऱ्यांची बाजू मांडायची आहे.

१९४३ साली कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी उभी राहिली. सोव्हिएत रशियातल्या हद्दपारीतून सुटून, इराणमार्गे आलेली सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. ना धर्म आपला, ना भाषा आपली. तरी त्यांच्या शाळा कोल्हापूरच्या मातीत भरल्या, प्रार्थना तिथेच झाल्या. युद्धानंतर ती मंडळी गेली आणि त्याच वसाहतीत सिंधमधून उखडलेली कुटुंबं आली. तेच आजचं गांधीनगर. दक्षिण महाराष्ट्रातले आणि सीमाभागातले दुकानदार माल भरायला तिथे जातात, लग्नाचा बस्ता बांधायला घरंच्या घरं तिथे उतरतात. हातात काही नसलेल्यांना छप्पर आणि धंद्याची मुभा मिळाली, एवढ्यावर ही बाजारपेठ उभी राहिली.

दिल्लीचंही तेच. १९४१ला नऊ लाखांच्या आसपास असलेली वस्ती १९५१ला सतरा लाखांवर गेली. फाळणीचे सुमारे पाच लाख निर्वासित या शहराने सामावून घेतले. त्या काळात केंद्रातलं बांधकाम खातं आपल्या काकासाहेब गाडगीळांकडे होतं. निर्वासितांना घरं दिली, गाळे दिले, कर्जं दिली. शहर बुडालं नाही. त्याचा व्यापार वाढला.

बाहेरचे आले की भूमिपुत्रांच्या पोटावर पाय येतो, हे आपण महाराष्ट्रात वर्षानुवर्षं ऐकतो. ही भीती मी उडवून लावणार नाही; घरभाडं आणि हंगामी मजुरी यांवर ताण येतोच. पण येणारा माणूस दोन हातांबरोबर पोटही घेऊन येतो. तो भाजी घेतो, भाडं भरतो, मुलांना चपला घेतो आणि त्यातून दुसऱ्याला काम मिळतं. १९८०मध्ये क्यूबाहून सव्वा लाख माणसं अमेरिकेत आली, त्यांतली बरीचशी मायामीत राहिली. तिथल्या मजुरीवर फारसा परिणाम झाला नाही, असं डेव्हिड कार्ड या अर्थतज्ज्ञांनी दाखवलं. त्यावर वाद आहे, पण सर्वनाशाचं भाकीत मात्र खरं ठरलं नाही.

उलट माणसं गेली की काय होतं, ते आपण शेजारीच पाहिलं. २०२५च्या जुलैत गुरुग्राममध्ये बांगलादेशी असल्याच्या संशयावरून बंगाली बोलणाऱ्या मजुरांची धरपकड झाली. भारताची ओळखपत्रं असलेलेही त्यात अडकले. भेदरलेली कुटुंबं गावाकडे निघून गेली आणि सोसायट्यांत कचरा उचलायला, धुणंभांडी करायला माणूस मिळेना. भाषा ऐकून माणसाचा देश ठरवणं हा अन्याय आहे. मराठी माणसाने तो निमूटपणे पाहू नये.

कारण आपली मुलंही परक्या देशांच्या रांगेत उभी आहेत. अमेरिकेने सप्टेंबर २०२५मध्ये नव्या एच-१बी व्हिसा अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं, तेव्हा पुण्या-नागपुरातल्या घराघरांत ही आपल्या मुलांच्या कष्टांची अवहेलना आहे, असंच वाटलं. मग तीच वागणूक आपण इतरांना कोणत्या तोंडाने द्यायची?

सीमेवर नोंद हवी, कागद तपासावेत, गुन्हेगाराला शिक्षा व्हावी, याला माझी ना नाही. पण आपल्या देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाच नाही. तो व्हावा, असा ठराव या संमेलनाने करावा, अशी माझी विनंती आहे. आणि ठरावाची वाट न पाहता एवढं करा: तुमच्या घरी काम करणाऱ्या बाईचं मूल शाळेत जातं का, विचारा. जात नसेल, तर प्रवेशाच्या दिवशी तिच्याबरोबर जा.