बीपी काय फक्त साहेब लोकांना होतो?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणातून)



आजवर या बैठकीत आपण कापसाच्या भावावर बोललो, कर्जावर बोललो, विजेवर बोललो. आज आम्ही बीपीवर बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, हे तर डॉक्टरचे काम. पण कारण तसेच घडले आहे.

गेल्या हंगामात आमचा चौतीस वर्षांचा एक कार्यकर्ता फवारणी आटोपून बांधावर आला. पाठीवरचा पंप उतरवला आणि उजवा हात उचलेना, तोंड वाकडे झाले. लोकांना वाटले, फवारणीचे विष चढले. दवाखान्यात कळले, तो लकवा होता. दोन वर्षांआधी शिबिरात त्याचा बीपी जास्त निघाला होता. महिनाभर गोळ्या घेतल्या, बरे वाटते म्हणून सोडल्या. आम्हा सोबत्यांना हे माहीत होते. आम्ही त्याला गावोगावच्या सभांचे विचारत राहिलो, गोळीचे एकदाही विचारले नाही. ही चूक आमची आहे.

बीपी म्हणजे खुर्चीवर बसणाऱ्यांचा, नाहीतर म्हाताऱ्यांचा आजार, असा आपला समज. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा वर्षांवरील १०० पुरुषांत २४ आणि १०० बायांत २१ जणांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यावर औषध चालू होते. ही पाहणी शहरात झाली तशी खेड्यातही झाली.

गुलाबी बोंडअळीचे बोंड बाहेरून हिरवेगार दिसते. फोडले की कळते, आत सरकी खाल्लेली आहे. बीपीचे तसेच आहे. बहुतेकांना डोके दुखत नाही, चक्कर येत नाही. आत मात्र रक्तवाहिन्या, हृदय, मेंदू आणि किडनी झिजत असतात. तिशीत वाढलेला बीपी तसाच राहिला तर झिजायला पुढची सारी वर्षे मिळतात.

आम्ही तर राबणारी माणसे, आम्हाला कशाने होणार? हिशेब करू. आपल्या ज्वारीच्या भाकरीत फारसे मीठ नसते. मीठ असते तिच्यासोबतच्या ठेच्यात, लोणच्यात, पापडात आणि आता पोरांच्या हातातल्या कुरकुऱ्याच्या पुड्यात. दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट लहान चमचाभरापेक्षा कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कापूस निघाला की मृगापर्यंत बऱ्याच जणांचे राबणे कमी होते, आणि शेतात जायलाही आता मोटारसायकल लागते. पोट सुटते. खर्रा आणि बिडी रक्तवाहिन्या खराब करतात, दारू बीपी वाढवते. रानडुकरांच्या जागलीपायी झोप मोडते. कर्जाची काळजी असली की हे सारे वाढते आणि गोळी तेवढी मागे पडते. आईबापाला बीपी असेल तर लेकराने अधिक जपावे.

मग करायचे काय? अठरा वर्षांवरील प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी बीपी मोजावा. मोजण्याआधी अर्धा तास चहा, खर्रा, बिडी नको. पाच मिनिटे शांत बसावे, बाही वर सारावी, हात छातीच्या पातळीवर टेकवावा. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० वा त्याहून जास्त किंवा खालचा ९० वा त्याहून जास्त येत असेल तर तो वाढलेला बीपी. तरुणपणी एवढा वाढला तर त्यामागे किडनीचा आजारही असू शकतो, म्हणून लघवी आणि रक्त तपासून घ्यावे. गरोदरपणात ज्या बहिणींचा बीपी वाढला होता, त्यांनी बाळंतपणानंतरही मोजत राहावे. आणि बरे वाटते म्हणून गोळी सोडू नये. बीपी ताब्यात राहतो तो बहुधा गोळीमुळेच. हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, छातीत दुखले तर घटकाभरही न थांबता मोठा दवाखाना गाठावा.

सरकारी दवाखान्यात बीपीची तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. पण गोळ्यांसाठी दर महिन्याला मजुरी बुडवून तालुक्याला खेटे घालावे लागले तर कोण घेईल? म्हणून आमची मागणी साधी आहे: गावाजवळच्या उपकेंद्रात चालू स्थितीतले यंत्र आणि प्रत्येक रोग्याला एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या. ही भीक नव्हे. पुढच्या बैठकीत कोणत्या उपकेंद्रात काय मिळते, काय नाही, हे प्रत्येक गावाने लिहून आणावे. ते घेऊन आपण जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाऊ.

घामाचे दाम मागायला आपण इथे जमतो. दाम मिळेल त्या दिवशी ते घ्यायला हात उचलला पाहिजे. आज घरी जाण्याआधी मंडपाच्या कोपऱ्यात नर्सताई यंत्र घेऊन बसल्या आहेत. आधी आम्ही कार्यकर्ते मोजून घेतो, मग तुम्ही या.