बोट धक्क्याला लागली की चालू लागा



आजचा विषय आहे जहाजाच्या सफरीत जपानमधलं एखादं बंदर कसं पाहावं. आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, तेव्हा काहींना हसू आलं असेल. पण अलीकडे नगरची, संगमनेरची, श्रीरामपूरची निवृत्त मंडळी सर्रास जहाजाच्या सफरींना निघतात. निघा, जरूर निघा. माझं सांगणं एकच आहे: चाला. वेळ संपेपर्यंत मी हेच सांगणार आहे, कंटाळा आला तरी ऐका.

नागासाकी घेऊ. जहाज सकाळी धक्क्याला लागतं आणि संध्याकाळी सुटतं. मधले सात-आठ तास आपले. खाली उतरलं की सहलीच्या बसगाड्या उभ्याच असतात. आपली मंडळी पटापट खिडकीची जागा धरतात. मग एक ठिकाण, फोटो, स्वच्छतागृह, पुन्हा बस. दुसरं ठिकाण, फोटो, पुन्हा बस. घरी आल्यावर विचारावं, 'काय हो, नागासाकी कसं होतं?' तर उत्तर येतं, 'स्वच्छ होतं.' अहो, स्वच्छ तर दवाखानाही असतो!

आपली आई बाजाराच्या दिवशी काय करायची, आठवा. रिकामी पिशवी घेऊन आधी एक पूर्ण फेरी मारायची. कुणाची मेथी कोवळी, कुणाची वांगी कालची, कोण मापात देतो, हे सगळं चालता चालता हेरायची. काही घ्यायचं ते परतीच्या वाटेवर. सहलीच्या बसमध्ये बसणारा माणूस शेजाऱ्याकडे पिशवी देऊन भाजी मागवतो. भाजी येते, नाही असं नाही. पण जी भाजीवाल्याला खपवायची असते ती येते. तेव्हा पहिली फेरी रिकाम्या पिशवीची, आणि ती पायी.

मोठी जहाजं बहुधा मात्सुगाए धक्क्याला लागतात. तिथून ओउराचं चर्च चालत अगदी जवळ आहे. बांधकाम १८६४ सालचं. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी होती, तेव्हा कित्येक कुटुंबांनी दोन-अडीचशे वर्षं तो चोरून पाळला. १८६५ साली त्यातले काही जण या चर्चमध्ये येऊन तिथल्या फ्रेंच पाद्र्याला हळूच म्हणाले, आम्हीही तुमच्यातलेच. शेजारच्या चढावर ग्लोव्हर नावाच्या स्कॉटिश व्यापाऱ्याचं १८६३ सालचं घर आहे. घर पाहा, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथून खाली पाहा.

खाली लांबट, अरुंद खाडी आणि चहूकडे डोंगर. घरं डोंगराच्या अंगावर चढत गेलेली, कित्येकांच्या दारापर्यंत मोटार जात नाही, नुसत्या पायऱ्या. ९ ऑगस्ट १९४५ ला सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी अणुबॉम्ब पडला तो उत्तरेला उराकामीच्या खोऱ्यात. ते खोरं बेचिराख झालं. मधल्या डोंगरांनी आडोसा केला म्हणून बंदराकडचा जुना भाग काही अंशी वाचला. म्हणूनच आज ते चर्च, ते घर आपल्याला पाहायला मिळतं. शाळेत आपण तारीख पाठ केली, डोंगर कुणी सांगितला नाही. तो बसच्या काचेतूनही कळत नाही, पोटऱ्या भरून आल्या की कळतो.

तिथून उतरून देजिमाकडे चालू लागा. हे समुद्रात भर घालून केलेलं पंख्याच्या आकाराचं बेट. दीडेक हेक्टर, म्हणजे पावणेचार एकराच्या आत-बाहेर. आपल्याकडच्या एखाद्या शेतकऱ्याचं रान. पोर्तुगीजांना कोंडून ठेवायला ते बांधलं, पण लवकरच त्यांना देशाबाहेर काढलं आणि १६४१ मध्ये तिथे डचांना आणून बसवलं. पुढे दोनशेहून अधिक वर्षं युरोपीय व्यापाऱ्यांना जपानमध्ये पाय टेकायला एवढीच जागा होती. हिंदुस्थानी छापील कापडही डचांच्या जहाजांतून इथेच उतरायचं. आता भोवती भर पडून बेट शहरात मिसळलंय. बसवाला खिडकीतून बोट दाखवतो, तेवढ्यात ते मागे जातं. चालत त्याला वळसा घाला. किती लहान होतं ते पायांना मोजू द्या.

देजिमा बांधून झालं १६३६ साली. नगरकरांनो, १६३६ म्हटल्यावर काही आठवतं? त्याच साली आपली निजामशाही संपली, माहुलीच्या किल्ल्यावर शहाजीराजांचा नाइलाज झाला. आणि पोर्तुगीजांचा व्यापार नागासाकीत सुरू झाला १५७१ मध्ये, त्या वर्षी मूर्तजा निजामशहा चौलला त्याच पोर्तुगीजांना वेढा घालून बसला होता. वेढा फसला. चौल म्हणजे नगरच्या राज्याचं बंदर बरं का, त्याबद्दल पुष्कळ बोलता येईल, पण स्टुडिओच्या काचेपलीकडून ताई घड्याळ दाखवतायत.

'गुडघ्यांचं काय?' असं कुणी तरी म्हणत असणार. गुडघे हळू चालल्याने दुखत नाहीत, नव्या बुटांनी दुखतात. घरी महिनाभर वापरलेले बूट न्या. जहाजाचं कार्ड, पासपोर्टची प्रत आणि परतायची वेळ लिहिलेला कागद खिशात ठेवा. सुटण्याच्या वेळेच्या बरंच आधी दरवाजा बंद होतो. वाट चुकण्याची भीती नको, चढावर चढलं की आपलं जहाजच खाली दिसतं. दशम्या न्या, फळं मात्र जहाजावरून खाली नेऊ देत नाहीत. आणि नाकाशिमा नदीवरचा १६३४ सालचा दोन कमानींचा दगडी पूल पाहायला विसरू नका. १९८२ च्या महापुरात त्याची मोडतोड झाली, तर लोकांनी नदीतले दगड शोधून काढून तो पुन्हा उभा केला.

आता थोडं रागावतो. जपानला जाऊन पायी फिरा म्हणून मी सांगतोय कुणाला? तर माणिक चौकातून कापडबाजारात जायला मोटारसायकल काढणाऱ्या नगरकरांना! शिर्डीला, शिंगणापूरला जाणारे किती तरी प्रवासी माळीवाड्याच्या स्थानकावर तासन् तास बसून असतात. त्यांनी विचारलं, 'इथे पाहण्यासारखं काय आहे?' तर आपण म्हणतो, 'काही नाही, किल्ला आहे, तो लष्कराकडे.' अहो, समोर माळीवाड्याची वेस आहे, विशाल गणपती आहे. १४९० साली वसवलेलं शहर आहे हे. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये इथे ओतली गेली. मजुरांच्या दमड्यांतून उभी राहिली असं सांगतात ती दमडी मशीद किल्ल्याच्या बाजूला आहे, तिचं दगडी कोरीवकाम... असो, अर्धं मिनिट उरलंय.

तर पहिली फेरी रिकाम्या पिशवीची. नागासाकीत अगदीच थकलात तर १९१५ पासून चालणारी ट्राम आहे. मागच्या दाराने चढायचं, पैसे चढताना नाही, पुढच्या दाराने उतरताना पेटीत टाकायचे. सुट्टी नाणी जवळ ठेवा.