बटाट्याच्या मळ्यांचा मेयर

श्रोतेहो, अमेरिकेच्या राजकारणाविषयीं आपण जें ऐकतों तें बहुधा वॉशिंग्टनचें असतें. परंतु तेथील सामान्य गृहस्थाच्या रस्त्यावरचा दिवा, ट्रामचें भाडें आणि मुलांची शाळा यांचा निकाल बव्हंशीं नगरसभेंत व राज्याच्या विधिमंडळांत लागतो. या दोन्ही ठिकाणीं झगडलेल्या हेझन पिंग्रीची हकीकत मी आज सांगणार आहें.

पिंग्रीचा जन्म १८४० सालीं मेन राज्यांतील एका खेड्यांत झाला. लहान वयांतच तो सुताच्या गिरणींत कामास लागला. पुढें जोड्यांच्या कारखान्यांत कातडें बेतण्याचें काम शिकला. यादवी युद्धांत तो उत्तरेच्या बाजूनें लढला, शत्रूच्या हातीं सांपडला आणि अँडरसनव्हिलच्या कुप्रसिद्ध बंदिवासाचे हाल त्यानें सोसले. युद्धानंतर मिशिगन राज्यांतील डेट्रॉइट शहरीं त्यानें भागीदारींत जोड्यांचा कारखाना चालविला व तो भरभराटीस आणला.

१८८९ सालीं रिपब्लिकन पक्षानें त्याला मेयरच्या जागेसाठीं उभें केलें. हा व्यापारी मनुष्य व्यापाऱ्यांचें हित पाहील, अशी पक्षधुरीणांची अपेक्षा होती. ती फोल ठरली. १८९१ सालीं ट्रामच्या नोकरांनीं संप केला, तेव्हां कंपनीच्या मदतीस लष्कर बोलावण्याचें त्यानें नाकारलें. १८९५ सालीं शहराच्या मालकीचा विजेच्या दिव्यांचा कारखाना सुरू झाला, आणि त्याच वर्षीं तीन सेंट भाड्याची नवी ट्राम धांवूं लागली. ज्याचा जन्म शाळेंत गेला त्या माझ्यासारख्यास आणखी एक प्रसंग विशेष वाटतो. १८९४ सालीं पिंग्री स्कूल बोर्डाच्या सभेंत गेला, लांच खाणाऱ्या सभासदांनीं राजीनामे द्यावे असें त्यानें तोंडावर सांगितलें, आणि ते मिळत नाहींत असें पाहून त्यांस पोलिसांकरवीं पकडविलें.

१८९३ च्या मंदीनें डेट्रॉइटचे हजारों कामगार बेकार झाले. पुढच्या वर्षीं पिंग्रीनें शहरांतील पडीक जमिनी मालकांकडून मागून घेतल्या व त्यांचे तुकडे गरजू कुटुंबांस बटाटे व भाजीपाला लावण्यासाठीं दिले. पुष्कळांनीं थट्टा केली. वर्गणी पुरेशी जमेना, तेव्हां त्यानें आपला घोडा लिलावांत विकला. पहिल्याच हंगामांत सुमारें ४३० एकरांवर ९४५ कुटुंबांनीं पीक काढलें. धर्मादाय शिधा घेण्याचा ज्यांना संकोच वाटे, त्यांच्या पानांत स्वकष्टाचें अन्न पडलें. इतर शहरांनींहि हा कित्ता गिरविला.

१८९७ सालीं तो मिशिगनचा गव्हर्नर झाला. मेयरची जागाहि न सोडण्याचा त्याचा विचार होता. परंतु राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें तो हाणून पाडला. पुढील चार वर्षें त्याची मुख्य झुंज रेल्वे कंपन्यांशीं झाली. शेतकरी आपल्या जमिनीच्या किंमतीवर कर भरी. कंपन्या मात्र मिळकतीवर नव्हे, उत्पन्नावर कर देत व त्यामुळें हलक्यांत सुटत. ही विषमता काढणारा १८९९ चा कायदा न्यायालयानें रद्द केला. अखेर १९०० सालीं मतदारांनींच राज्यघटनेंत दुरुस्ती करून मार्ग मोकळा केला.

त्याच सुमारास राज्याच्या लष्करी खात्यांतील कपड्यांच्या विक्रींत अफरातफर उघडकीस आली. दोषी ठरलेल्या आपल्याच सहकाऱ्यांस पिंग्रीनें जातां जातां माफी दिली. थोरांचीं चरित्रें मुलांस सांगतांना असा भाग गाळण्याचा मोह आम्हां शिक्षकांना होतो. तो गाळूं नये. स्कूल बोर्डाला लाविलेलें माप त्यानें आपल्या माणसांना लाविलें नाहीं, हें मुलांनाहि कळलें पाहिजे.

१९०१ सालीं प्रवासांत असतां लंडन येथें त्याचा अंत झाला. १९०४ सालीं लोकवर्गणींतून डेट्रॉइटमध्यें त्याचा पुतळा उभारला गेला, व त्यावर ‘लोकांचें दैवत’ अशा अर्थाचे शब्द कोरले गेले. श्रोतेहो, दैवत म्हणून हात जोडण्यापेक्षां त्याच्या कारकीर्दीचा जमाखर्च आपण मांडावा. खर्चाच्या बाजूस ती माफी ठळक अक्षरांत लिहावी; जमेस दिवे, ट्राम आणि तीं ९४५ कुटुंबें धरावीं. बाकी जमेकडेच निघते, असें मला वाटतें.