रडारची चाहूल

२४ जुलै १९६५ रोजी उत्तर व्हिएतनामवर अमेरिकेचं एफ-४ फँटम विमान सोव्हिएत बनावटीच्या, रडारच्या मदतीनं नेम धरणाऱ्या क्षेपणास्त्रानं पाडलं. त्यानंतर रडारचा इशारा देणारे रिसीव्हर विमानांत घाईघाईनं बसवले गेले.

रडारची लहर विमानावर आदळून परत पोचेपर्यंत फारच क्षीण होते. रिसीव्हरला मात्र ती एकेरी प्रवासातच, जोरकस मिळते. म्हणून रडारला विमान दिसण्याआधीच बहुधा विमानाला रडार कळतं! चार दिशांच्या अँटेनांना मिळालेल्या सिग्नलचा जोर ताडून रडारची दिशा ठरते. आजचे रिसीव्हर लहरींची वारंवारता, स्पंदांची लांबी आणि त्यांतलं अंतर साठवलेल्या नोंदींशी जुळवून रडार ओळखतात. खरं मोल या नोंदींचंच. नोंद नसलेलं रडार कोणतं, हे वैमानिकाला कळत नाही.