ग्रंथपालाच्या पाठीशी कोण?

मी रायपूरच्या शंकर नगरमधून बोलते आहे. आजचा विषय थोडा वेगळा आहे. महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा जो प्रमुख असतो, त्याला त्याच्या कामात आधार कोण देतं आणि तो कसा द्यायचा, यावर आज बोलू या. मी स्वतः महाविद्यालयात ग्रंथपाल होते, त्यामुळे हा विषय मला जवळचा आहे. पण आजचं बोलणं ग्रंथपालांपेक्षा जास्त प्राचार्यांसाठी, संस्थाचालकांसाठी आणि प्राध्यापकांसाठी आहे.

शंकर नगर हे रायपुरातलं शिक्षक घडवणारं ठिकाण. राज्याची एससीईआरटी इथेच आहे, शासकीय शिक्षक शिक्षा महाविद्यालयही इथेच. शिक्षक घडवावा लागतो, मुख्याध्यापकाला जबाबदारीसाठी तयार करावं लागतं, हे आपण मान्य केलेलं आहे. त्यासाठी इमारती उभ्या केल्या, शिबिरं भरवली. ग्रंथपालाच्या बाबतीत मात्र आपण समजतो की, पदवी आणि नेट झालं, नेमणूक झाली, आता हा माणूस आपला आपण सगळं निभावून नेईल.

इथे एक साधी गोष्ट लक्षात घ्या. महाविद्यालयात इतिहासाला दोन-तीन प्राध्यापक असतात. अडलं तर एक दुसऱ्याला विचारतो. ग्रंथपाल मात्र संपूर्ण संस्थेत एकच. तो काय करतो हे कळणारा दुसरा माणूस त्या आवारात बहुधा नसतो. खरेदीची दरपत्रकं त्यानंच बघायची, नॅकच्या अहवालातलं ग्रंथालयाचं प्रकरण त्यानंच लिहायचं, संगणकप्रणाली बंद पडली तर त्यानंच धावायचं आणि परिचर रजेवर असला तर देवघेवीच्या टेबलावरही त्यानंच बसायचं. हा एकटेपणा हीच या पदाची मोठी अडचण आहे.

आता तुम्हाला एका मोठ्या माणसाची गोष्ट सांगते. डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन. १२ ऑगस्टला त्यांच्या जन्मदिनी आपण ग्रंथपाल दिन साजरा करतो, फोटोला हार घालतो. रंगनाथन मुळात गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि काही आठवड्यांतच कंटाळले. वर्ग नाही, विद्यार्थी नाहीत, दिवसभर बोलायला कोणी नाही. ते सरळ वरिष्ठांकडे गेले आणि म्हणाले, मला माझं शिकवण्याचं काम परत द्या.

वरिष्ठांनी काय करावं? "पद स्वीकारलंय, आता निभावा," असं म्हणता आलं असतं. किंवा "जा परत," म्हणून दुसरा माणूस शोधता आला असता. त्यांनी तिसरा मार्ग काढला. तुम्ही आधी इंग्लंडला जा, तिथली ग्रंथालयं बघा, परत आल्यावरही मन लागलं नाही तर तुमची प्राध्यापकी तुम्हाला परत मिळेल, असा शब्द दिला. रंगनाथन लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये शिकले. तिथे त्यांना बर्विक सेयर्स भेटले. सेयर्स शिकवत होते आणि क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुखही होते. म्हणजे पुस्तकातलं शिकवणारा आणि प्रत्यक्ष ग्रंथालय चालवून दाखवणारा गुरू एकच. १९२५ मध्ये रंगनाथन परतले ते पुन्हा गणिताकडे वळले नाहीत. १९३१ मध्ये त्यांचे पाच सिद्धान्त पुस्तकरूपानं आले, १९३३ मध्ये कोलन वर्गीकरण आलं.

ही गोष्ट आपण नेहमी रंगनाथन यांच्या प्रतिभेची म्हणून सांगतो. मला ती त्यांच्या वरिष्ठांची गोष्टही वाटते. त्यांनी तीन गोष्टी दिल्या: शिकायला वेळ, भेटायला जाणकार माणूस आणि परत येण्याची वाट मोकळी ठेवून निर्भयपणा.

याच गोष्टीचा दुसरा भाग आपण कमी सांगतो. पुढे मद्रासमध्ये नवे कुलगुरू आले आणि त्यांचं-रंगनाथन यांचं पटलं नाही. दोन दशकं ज्या ग्रंथालयासाठी घालवली, तिथून त्यांनी १९४५ मध्ये वयाच्या चौपन्नाव्या वर्षाच्या सुमारास राजीनामा दिला. काही काळ ते निराशेत होते. मग बनारस हिंदू विद्यापीठानं त्यांना बोलावलं आणि १९४७ मध्ये दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू सर मॉरिस ग्वायर यांनी. तिथे ते पुन्हा उभे राहिले. म्हणजे माणूस तोच होता, बुद्धी तीच, कष्ट करण्याची तयारीही तीच. बदललं ते वरचं पाठबळ. रंगनाथन यांच्यासारख्या माणसाची ही गत, तर आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयातल्या ग्रंथपालाची काय कथा? त्याला बोलवायला कोणी ग्वायर येत नाही. तो शांतपणे निवृत्तीची वाट बघत बसतो आणि नुकसान विद्यार्थ्यांचं होतं.

मग पाठबळ म्हणजे नेमकं काय? शाल-श्रीफळ नव्हे. मी पाच गोष्टी सांगते.

पहिली, निर्णय होण्याआधी विचारणं. नवी इमारत बांधायची ठरते, आराखडा मंजूर होतो आणि मग ग्रंथपालाला सांगतात, दुसरा मजला तुमचा. आता भारतीय मानकानुसार वर्गखोलीच्या जमिनीसाठी दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन भार धरतात. पुस्तकांच्या रॅक असलेल्या खोलीसाठी किमान ६ धरावा लागतो, म्हणजे दुप्पट. वर्गासाठी बांधलेल्या मजल्यावर नंतर ग्रंथालय चढवलं तर हा हिशेबच चुकतो. हे ग्रंथपालाला विचारलं असतं तर पहिल्याच बैठकीत कळलं असतं. म्हणून इमारत समिती असो, खरेदी समिती असो वा नव्या अभ्यासक्रमाची बैठक, ग्रंथपालाची खुर्ची तिथे आधीपासून हवी.

दुसरी, भीती दूर करणं. हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. अनेक ग्रंथालयांत कपाटांना कुलपं का असतात? पुस्तक हरवलं तर ग्रंथपालाच्या पगारातून वसुली होईल, निवृत्तीच्या वेळी ना-देय प्रमाणपत्र अडेल, ही धास्ती. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांतला २१५ वा नियम काय म्हणतो बघा. वर्षभरात दिल्या-घेतल्या किंवा वाचल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाचपर्यंत हरवणं वाजवी मानावं, मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसावा. हजार रुपयांहून अधिक किमतीचं किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर चौकशी करावी. हा नियम केंद्र सरकारच्या संस्थांसाठी आहे, पण त्यातलं शहाणपण कोणत्याही संस्थेला घेता येतं. संस्थेनं आपला स्वतःचा ठराव करावा, दरवर्षी पडताळणी करावी, निर्लेखनाच्या कागदावर प्राचार्यांनी वेळेवर सही करावी. एवढं झालं की ग्रंथपाल स्वतःहून कुलपं काढतो. मुलं रॅकपर्यंत जाऊ लागतात.

तिसरी, बरोबरीची माणसं. ज्याला घरात बोलायला कोणी नाही, त्याला गावात तरी असावं. इन्फ्लिबनेटचंच उदाहरण घ्या. १९९१ मध्ये पुण्याच्या आयुकात एक प्रकल्प म्हणून ते सुरू झालं, १९९६ मध्ये स्वतंत्र केंद्र झालं. आज शोधगंगा, एन-लिस्ट आणि सोल प्रणाली यांमुळे त्याचं नाव सर्वांना माहीत आहे. मुळात ते ग्रंथालयांना एकमेकांशी जोडण्यासाठीच निघालं. तेच आपण शहराच्या पातळीवर करू शकतो. रायपुरात पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ आहे, एनआयटी आहे, एम्स आहे, शिवाय कितीतरी महाविद्यालयं. दर दोन महिन्यांनी यांच्या ग्रंथपालांनी एका ग्रंथालयात जमावं, चहा घ्यावा, त्या ग्रंथालयात फिरून बघावं आणि एकानं आपली एक अडचण मांडावी. याला निधी लागत नाही. लागते ती प्राचार्यांची परवानगी. तो अर्धा दिवस रजा न धरता कर्तव्य म्हणून धरावा.

चौथी, शिकण्यासाठी वेळ. पदोन्नतीसाठी ग्रंथपालांना अभ्यासक्रम करावे लागतात, तिथे नवं तंत्रज्ञान शिकायला मिळतं. पण संस्थेपुढे अंदाजपत्रक कसं मांडायचं, नाराज कर्मचाऱ्याशी कसं बोलायचं, 'नाही' कसं म्हणायचं, हे माणूस ठेचा खात शिकतो. आणि काम तर बदलतं आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं, ६३०० हून अधिक सरकारी संस्थांना खुली. ज्या सरकारी महाविद्यालयात कालपर्यंत दोन नियतकालिकं येत होती, तिथे आता हजारो आहेत. पण मुलाला ती शोधता आली नाहीत, शिक्षकाला माहीतच नसली, तर उपयोग काय? खरेदी करणाऱ्या ग्रंथपालाला आता शिकवणारा ग्रंथपाल व्हायचं आहे. त्यासाठी वेळापत्रकात तास द्या. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक वर्गाला वर्षातून दोन तास ग्रंथपालाचे असू द्या. खासगी महाविद्यालयं पहिल्या टप्प्यात या योजनेबाहेर आहेत. तिथल्या ग्रंथपालाला तर अंदाजपत्रकात अधिकच साथ हवी.

पाचवी, मागचा माणूस तयार करणं. इथे आपल्याला बडोद्याकडे बघावं लागेल. सयाजीराव गायकवाड आपल्या कवळाण्याचे. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला आणलं. बॉर्डन सुमारे तीन वर्षं राहिले. मात्र त्या काळात १९११ मध्ये त्यांनी प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला, इथली माणसं तयार केली. बॉर्डन गेल्यावर काम थांबलं नाही. जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी ते पुढे नेलं. बडोद्याहून 'लायब्ररी मिसलेनी' हे नियतकालिक निघत होतं, त्यात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठीही होती. तो सार्वजनिक वाचनालयांचा प्रयोग होता हे खरं, पण धडा आपल्याही कामाचा आहे. आज काय होतं? ग्रंथपाल ३१ तारखेला निवृत्त होतो आणि १ तारखेला किल्ल्या एखाद्या प्राध्यापकाच्या हाती जातात, प्रभारी म्हणून. दाखल नोंदवही कुठे आहे, कोणत्या पुरवठादाराचं बिल अडलंय, संगणकाचा पासवर्ड काय, कोणालाच ठाऊक नसतं. निवृत्तीआधी निदान सहा महिने दुसरा माणूस शेजारी बसलेला हवा. नवी नेमणूक लांबली तरी ग्रंथालय सहाय्यकाला तरी सगळं दाखवून ठेवा.

आता तुमच्यातले काही प्राचार्य म्हणतील, "ताई, आम्ही विचारतो हो, पण ग्रंथपालच पुढे येत नाहीत. बैठकीत गप्प बसतात." हे काही ठिकाणी खरंही आहे. म्हणून माझ्या ग्रंथपाल बंधुभगिनींनाही सांगते. आधार मागावा लागतो, आणि तो नेमक्या शब्दांत मागावा लागतो. "ग्रंथालयाकडे लक्ष द्या" असं म्हटलं तर कोणी काही करू शकत नाही. दर महिन्याला एक पानाचं टिपण प्राचार्यांना द्या. किती विद्यार्थी आले, काय मागितलं आणि मिळालं नाही, या महिन्यात कोणता एक निर्णय हवा. एकच निर्णय. वर्षाचे बारा होतात.

एक उदाहरण देऊन थांबते. आमच्या रायपुरात २०१८ मध्ये नालंदा परिसर सुरू झाला. तिथे दिवसरात्र अभ्यास करता येतो आणि मुलं येतात. मुलांना बसून वाचायला जागा हवी आहे याचा आणखी पुरावा कशाला? तरी बऱ्याच महाविद्यालयांची ग्रंथालयं संध्याकाळ होताच बंद होतात. ती रात्री आठपर्यंत उघडी ठेवणं ग्रंथपालाच्या एकट्याच्या हातात नाही. त्याला दुसरी पाळी लागते, रखवालदार लागतो, फाटकापर्यंत दिवे लागतात, मुलींना घरी जायची सोय लागते. यातलं प्रत्येक काम दुसऱ्या कोणाच्या तरी टेबलावर आहे. ग्रंथपालाला पाठबळ द्यायचं म्हणजे ती टेबलं हलवायची.

रायपूर, इंदूर, बेळगाव, हैदराबाद, पणजी, जिथे कुठे तुम्ही हे ऐकत असाल, तुमच्यापैकी कोणी संस्थेच्या मंडळावर असेल, कोणी प्राध्यापक, कोणी माजी विद्यार्थी. या आठवड्यात एवढंच करा. आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जा, ग्रंथपालासमोर बसा आणि विचारा, "तुमचं कोणतं काम अडलंय, आणि ते कोणाच्या सहीसाठी अडलंय?" उत्तर मिळालं की ती सही मिळेपर्यंत पाठपुरावा करा. निवृत्त ग्रंथपाल असाल तर जवळच्या नव्या ग्रंथपालाला फोन करा. तुमच्याकडे जे आहे ते कोणत्याही अभ्यासक्रमात नाही.

छत्तीसगडच्या सरकारी महाविद्यालयांतही या पदाचं नाव 'ग्रंथपाल'च आहे, अगदी आपल्या मराठीसारखं. ग्रंथांचं पालन तो करतोच आहे. त्याच्या पाठीशी उभं राहणं मात्र आपल्याकडे लागतं.