सही करण्याआधी

(इस्लामपूर येथील प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



परवा वर्ग सुटल्यावर एका मावशींनी आम्हाला विचारलं, "गुरुजी, राजकारण म्हणजे मत देणं ना? मग पाच वर्षांतनं एकदाच काम!" प्रश्न सोपा वाटला. पण उत्तर देताना आम्हीच अडखळलो. म्हणून आज त्यावरच चार शब्द बोलतो.

राज्य कशावर चालते? कुणी म्हणेल पोलिसांवर, कुणी म्हणेल पैशावर. आपल्या वाळवे तालुक्याने याचे उत्तर एकदा करून दाखवले आहे. सप्टेंबर १९४२ मध्ये इस्लामपूरच्या कचेरीवर मोर्चा आला. गोळीबार झाला, माणसे पडली. तरी लोक दबले नाहीत. पुढे १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालले. आपला तालुका तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. पुढारी होते येडेमच्छिंद्रचे नाना पाटील. १९३० साली तलाठ्याची नोकरी सोडून ते चळवळीत पडले होते.

इंग्रजांची कचेरी जागच्या जागी होती. फौजदारही होता. पण गावे आपले तंटे तिकडे नेईनात. बांधाचे भांडण असो, सावकाराचा कागद असो, निकाल गावच्या न्यायदान मंडळात होई. लग्नेही थोडक्या खर्चात लागू लागली. म्हणजे राज्य चालते ते लोकांच्या मानण्यावर.

आता दुसरी बाजूही सांगतो. त्या सरकारच्या शिक्षा कडक होत्या. तळपायावर मार बसे. लोक त्याला 'पत्री सरकार' म्हणत. गुंडांना वचक बसला, हे खरे. पण वचक म्हणजे न्याय नव्हे. ज्याला शिक्षा होते त्यालाही बोलता आले पाहिजे, वर दाद मागता आली पाहिजे. १९५० साली राज्यघटना आली, ती यासाठीच.

आणि आज? आज राज्य आपलेच आहे. आमची एक चूक सांगतो. एकदा ग्रामसभेची वही घेऊन शिपाई घरी आला. "सभा झाली, सही करा," म्हणाला. आम्ही ओट्यावर बसूनच सही ठोकली. वाचलं नाही. पुढे कळलं, खालच्या आळीला मंजूर झालेली पाण्याची टाकी त्या ठरावानं वरच्या आळीला गेली होती. खालच्या आळीच्या बायका डोक्यावर हंडे घेऊन आमच्या दारावरनं जात. त्यांतली एक म्हणाली, "गुरुजी, तुमची पण सही हाय म्हणं त्यात!"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. अंगठा देणाऱ्याला निदान सांगता येतं, 'मला वाचता येत नव्हतं.' आम्हाला तेही सांगता येईना.

पुढच्या ग्रामसभेत आम्ही उभे राहिलो, चूक कबूल केली. खालच्या आळीच्या बायका पहिल्यांदाच सभेला आल्या होत्या. त्या दिवशी ठराव मोठ्याने वाचला गेला आणि बदलला गेला.

तर मावशी, काम पाच वर्षांतनं एकदा नाही. ग्रामसभेला जाणं, ठराव ऐकणं, न पटल्यास विचारणं, हे सारं राजकारणच आहे. तुम्ही आता सही करायला शिकलात. सहीच्या वर काय लिहिलंय, ते आधी वाचा. पटलं तरच सही करा.